लाल बस्त्यातला व्हेर्नेल

१६ ऑगस्ट १९८२, उस्मानाबाद

आज लातूर जिल्हा झाला! इकडे ऑफिसात पेढे आले. कुणाच्या आनंदाचे ते कळलं नाही, पण खाल्ले. जिल्हा गेला त्यांचे की मिळाला त्यांचे?

हेडक्लार्क व्यंकटराव म्हणाले, "अर्धं दप्तर तिकडं, अर्धे कारकून तिकडं." यादीत माझं नाव सहावं. श्रीमंत लिंबाजी सोनकांबळे, रेकॉर्ड कारकून. म्हणजे दप्तराबरोबर दप्तराची वाळवीपण जाणार.

पाऊस नाही. जुलैत दोनदा भुरभुरला, तेवढाच. पारू म्हणते, लातुरात तरी नळाला पाणी असेल. बायकोच्या आशेवर मी बोलत नसतो.

१९ ऑगस्ट

दिवसभर बस्ते बांधले. जळकोट, उदगीर, निलंगा, औसा — गावागावाचे कागद, प्रत्येकाला लाल फडकं, वर गाठ, गाठीत पुठ्ठ्याची चिठ्ठी. शिपाई धोंडप्पा याच्या हाताला अशी गाठ आहे की ती त्यालाच सुटते. त्याला अक्षर येत नाही. तो बस्ता रंगानं ओळखतो आणि वजनानं.

मी चरित्र लिहितोय त्या व्हेर्नेलचा बस्तापण त्याच मांडणीवर आहे. वरच्या फळीवर, खिडकीजवळ. घरी एकच खोली, उंदीर, गळकं छप्पर. रेकॉर्ड रूमइतकी कोरडी जागा उस्मानाबादेत दुसरी नाही. अन् हात कारकुनाचा — पुस्तकाचे कागदसुद्धा लाल फडक्यात बांधल्याशिवाय मला चैन पडलं नाही. वर चिठ्ठी लावली, नंबर घातला. ४१७. नंबराशिवाय कागद म्हणजे बेवारस.

तीनशे बारा पानं. अकरा वर्षं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय.

२१ ऑगस्ट

उद्या-परवा रजा. नांदेडला सरांकडे जाऊन येतो. बदलीच्या धामधुमीत पुन्हा जमणार नाही.

२२ ऑगस्ट, नांदेड

पंचाक्षरी सरांना आता काहीच दिसत नाही. मी दारात उभा राहिलो तर म्हणाले, "कोण? श्रीमंत का? तुझ्या चपला अजून फटफटतात." सरांच्या पत्नी महादेवीबाईंनी चहा दिला. बाईंचा चहा अजून तसाच, पण घरात बोलणं कमी झालंय.

कॉलेजात सर इंग्रजी शिकवायचे. फ्रेंच ते हैदराबादेत शिकलेले. ती मात्र वर्गात नाही, कॉलेज सुटल्यावर लिंबाखाली शिकवली, मला एकट्याला. जळकोटकडच्या बौद्धवाड्यातल्या पोराला फ्रेंच! लोक हसायचे. एकदा सरांच्याच भावकीतला कुणी म्हणाला, याला शिकवून काय फ्रान्सचा तलाठी करणार का? सर म्हणाले, "न्हाई. फ्रान्सवर तलाठी नेमणार हाये मी याला."

अन् नेमलंच की! गास्पार व्हेर्नेल. सरांना हैदराबादच्या जुन्या बाजारात त्याची तीन पुस्तकं मिळाली होती — एक कवितांचं, दोन कादंबऱ्या. त्याच्या गावच्या कचेरीला सरांनी पत्र लिहिलं, तिथून त्याच्या पत्रांच्या नकला आल्या. ते सगळं सरांनी माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, याचं चरित्र लिही. मराठीत. त्याच्या देशात त्याला कुणी विचारत नाही, आपण विचारू.

दक्षिणेकडच्या चुनखडीच्या पठारावरचा माणूस. गावाला नदी नाही, पावसाचं पाणी दगडी हौदात साठवायचं. तेवीस वर्षं पॅरिसात रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी केली. बेचाळिसाव्या वर्षी सरकारी दवाखान्यात मेला. तिथल्या वहीत धंदा लिहिलाय — कारकून. कवी नाही, कादंबरीकार नाही. ते वाचलं त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

निघताना सर म्हणाले, "पहिल्या पानापासून ऐकायचंय मला. मधलं मधलं न्हाई. संपलं की घेऊन ये. मग मी मोकळा."

दिवाळीच्या आत आणतो म्हणालो.

२४ ऑगस्ट, उस्मानाबाद

गेलं.

मांडणी रिकामी. फळी रिकामी. काल ट्रक गेला. सगळं जळकोट, सगळं उदगीर आणि त्याच्याबरोबर ४१७.

धोंडप्पाला धरला. तो म्हणाला, "सायेब म्हनले लाल हाय ते समदं टाका. लाल दिसलं, टाकलं. तुमीच बांधलं, तुमीच नंबर घातला, आन् आता मलाच बोलून राहिलाव!"

खरंय. मीच बांधलं. दुसऱ्या कुठल्याही माणसानं पुस्तकाचे कागद पिशवीत ठेवले असते, ट्रंकेत ठेवले असते. मी रेकॉर्ड केलं त्यांचं!

दुसरी प्रत नाही. सर किती वेळा म्हणाले, कार्बन घाल. मी म्हणायचो, कार्बननं अक्षर जड पडतं. अक्षराची मिजास!

९ सप्टेंबर, लातूर

जागा नाही म्हणून दप्तर एका बंद दालमिलच्या गोदामात टाकलंय. टाकलंयच — रचलेलं नाही. छतापर्यंत लाल. हजारो. चिठ्ठ्या निम्म्या गळाल्या, निम्म्या तुरीच्या भुकटीनं पिवळ्या. आत पाऊल टाकलं की शिंका. आज जेवणाच्या सुटीत तीस बस्ते उलटे केले. सगळे निलंग्याचे.

पारूनं विचारलं, "काय हुडकून राहिलाव?" सांगितलं. तिनं पदरानं माझ्या डोक्यावरची भुकटी झटकली. मग म्हणाली, "त्यो मेलेला मानूस हाय. त्याला काय घाई हाय?"

त्याला नाही. सरांना आहे.

आईकडं ज्वारी पाठवली. दर महिन्याला एक पोतं, जळकोटच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती. आई गावात एकटी. मी बोलावलं तर लातूरला येत नाही. तिला बंद दाराची घरं सोसत नाहीत.

३ ऑक्टोबर

रविवार. दिवसभर गोदाम. काही नाही.

२६ ऑक्टोबर

परतीचा पाऊसही गेला. आता याचं नाव दुष्काळच. रोजगार हमीची कामं जागोजाग निघताहेत — पाझर तलाव, रस्ते, खडी. ऑफिसात आता एकच भाषा: टँकर किती, मजूर किती. रेकॉर्डकडं कोण बघतो! व्यंकटराव माझ्याकडं बघून म्हणाले, "सोनकांबळे, तुम्ही गोदामात काय एवढे रमलाव? धन सापडलं काय?"

महादेवीबाईंचं कार्ड. सर विचारतात, कुठवर आलं?

उत्तर लिहिलं — शेवटचं प्रकरण चालू आहे.

आयुष्यात सरांशी बोललेलं पहिलं खोटं. अक्षर मात्र सुरेख आलं.

१५ नोव्हेंबर, नांदेड

दिवाळी. हात हलवत आलो. सरांना म्हणालो, अजून दुरुस्त्या आहेत. सर म्हणाले, "बरं. सातवं प्रकरण तोंडपाठ असंल की. ते म्हण."

सातवं तोंडपाठ आहेच. सातवं म्हणजे व्हेर्नेलची आई. ती विधवा बाई लोकांच्या घरी पाणी वाहायची, टेकडीखालच्या झऱ्यावरून, डोक्यावर. पोरगा पॅरिसात. कादंबरीत त्यानं गावचा लोहार लिहिला, खाटीक लिहिला, पाद्र्याचं गाढव लिहिलं. पाणी वाहणारी बाई एका ओळीत नाही. नऊ वर्षं तिला पत्र नाही. मित्राला लिहितो, 'तिला वाचता येत नाही, मग लिहून काय उपयोग?' ती मेली ते त्याला सात आठवड्यांनी कळलं. मग त्यानं तिच्यावर कविता केली. चौदा ओळींची. लोकांना फार आवडली.

मी शेवटी लिहिलंय: 'कवितेला दाद द्यावी. माणसाला माफी नाही.'

सर ऐकत होते. मग म्हणाले, "श्रीमंत, हे चरित्र न्हाई. हा खटला हाये. तू त्याला कटघऱ्यात उभा करून स्वतः न्यायाधीश झालास."

मी म्हणालो, सर, जे घडलं ते लिहिलं.

"घडलं ते लिहिलंस. का घडलं ते न्हाई. तो बदमाश नव्हता. तो कामात होता. माफ कर त्याला."

मी नाही म्हणालो. आम्ही भांडलो! आंधळ्या, आजारी माणसाशी भांडलो मी — शंभर वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच बाईसाठी. महादेवीबाई आतून म्हणाल्या, "कोण मेलं त्याच्यावर कामून भांडून राहिलाव?"

पण मी बरोबर आहे. पाणी वाहणाऱ्या आईला जो विसरतो त्याला कसली माफी?

१२ डिसेंबर, लातूर

आईचं कार्ड. मजकूर शाळेतल्या गुरुजीचा. 'सगळं बरं हाय. काळजी करू नको. हिकडं येऊ नको, पानी न्हाई, तुलाच तरास. तुजा फिरंगी संपला का? जेवत जा.'

खाली सही. आईची सही बघितली की मला अजून हसू येतं. मी सातवीत असताना शिकवली तिला. अक्षरं ओळीत बसेनात, वर-खाली व्हायची. मग मी म्हणालो, बाय, आधी दोरी बांध, मग कपडे वाळत घाल. तेव्हापासून ती आधी रेघ ओढते, आडवी, लांब, अन् मग एकेक अक्षर खाली लटकवते. रेघ नेहमी नावापेक्षा लांब होते. कपडे संपतात, दोरी उरते.

गावात बायकांमध्ये तीच एक सही करते. मतदानालासुद्धा अंगठा देत नाही. पेन मागते.

ज्वारी राहिली की! ऑक्टोबरचीपण राहिली, नोव्हेंबरचीपण. गोदामाच्या नादात. या आठवड्यात नक्की.

२ जानेवारी १९८३

ज्वारी. लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही.

१८ जानेवारी

सापडला! सापडला म्हणू की काय म्हणू?

गोदामाच्या राखणदाराच्या माठाला लाल ओलं फडकं गुंडाळलेलं. पाणी गार राहावं म्हणून. गाठ धोंडप्पाची. गाठीत पुठ्ठा भिजून लगदा झालेला, पण माझा सात मी ओळखतो.

आतले कागद?

तो म्हणाला, "ते व्हय. कामावर न्यायला कागद न्हवते. छापील हजेरीपट आले न्हवते तवा. जीपवाले आले, म्हनले येका बाजूनं कोरे कागद असतील तर द्या, कच्ची हजेरी मांडाया. ह्याची समद्याची पाठ कोरी हुती. दिले."

समद्याची पाठ कोरी. सरांचा नियम! 'एकाच बाजूला लिही, दुसरी दुरुस्तीसाठी ठेव.' अकरा वर्षं मी कागदाची पाठ कोरी राखली, ती याच्यासाठी.

कुठल्या कामावर? — "त्ये काय म्हाईत. दिवाळीच्या म्होरं नेले."

जिल्ह्यात कामं किती आहेत ते माझ्याच टेबलावरच्या तक्त्यात आहे. पक्की हजेरी छापील कागदावर उतरली की कच्चा कागद फेकतात. ते मीच सगळ्यांना सांगत असतो, कच्चं जपू नका, जागा अडते.

माठातलं पाणी प्यालो. गार होतं.

१९ जानेवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

२७ जानेवारी

आठवून लिहायला बसलो. ऑफिसनंतर रोज चार पानं. जमत नाही! मजकूर आठवतो, पण जिवंत उतरत नाही. दुसऱ्याच्या ताटातलं खरकटं चिवडल्यासारखं वाटतं.

नळ आठ दिवसांनी एकदा. पारू पहाटेपासून रांगेत. आज घागर घेऊन आली ती सरळ माझ्या कागदाशेजारी ठेवली, दणकन. मी कागद उचलून दुसरीकडं घेतले, घागर नाही उचलली. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२० फेब्रुवारी

चाळीस पानं झाली. महादेवीबाईंचं कार्ड — 'येऊन जा. उशीर करू नका.'

२६ फेब्रुवारी, नांदेड

आज जे केलं ते इथंच लिहितो, कुणाला सांगणार नाही.

सर अंथरुणात. आवाज पार खोल गेलेला. म्हणाले, "आणलंस?" मी म्हणालो, आणलं. चाळीस पानं हातात. वाचायला लागलो. त्याचं गाव, हौद, शाळा. सर डोळे मिटून, मध्येच बोट हलवायचे.

चाळीस पानं संपली.

मी थांबलो नाही. तीच पानं हातात धरून पुढं बोलत राहिलो. आठवेल तसं, जुळेल तसं. पॅरिस, रेल्वेची कचेरी, पहिली कविता. महादेवीबाईंनी दारातून बघितलं, कागदाकडं बघितलं, अन् आत गेल्या.

सातवं सुरू केलं. दोन वाक्यं झाली असतील.

सर म्हणाले, "श्रीमंत, मघापासून पान उलटल्याचा आवाज येत न्हाई."

मग मी रडलो. सगळं सांगितलं — लाल फडकं, ट्रक, माठ, हजेरी. मला वाटलं ते रागावतील. ते हसायला लागले. हसता हसता खोकला. म्हणाले, "रोजगार हमीवर लागला की रे व्हेर्नेल! अख्खी हयात कारकुनी करून मेला, आता खडी फोडून राहिला."

खोकला थांबल्यावर: "हरवलंय तर बरंच. सातवं आता नव्यानं लिही. यावेळी न्यायाधीश होऊ नको."

मी त्यांचा हात धरून बसलो.

४ मार्च, लातूर

सर गेले. तार आली तेव्हा टँकरचा तक्ता लिहीत होतो. तक्ता पुरा केला. मग उठलो.

१३ मार्च

त्यांच्या मातीला पोचलो नाही. गाडी वाटेत बंद पडली. पोचलो तेव्हा महादेवीबाई ओसरीत बसल्या होत्या, समाधीवर माती पडून गेली होती. मला म्हणाल्या, "शेवटी तुमचंच इचारत हुते. पान उलटलं का, म्हनून."

आता कुणासाठी लिहायचं? व्हेर्नेलसाठी? त्याला ना माझी भाषा येते ना माझ्या देशाचा पत्ता. पुस्तक वाचणारा एकच होता, तोही आंधळा, तोही गेला. चाळीस पानं चुलीत घालणार होतो. पारू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. जळणाला येवडं बी न्हाई त्यात."

२२ मार्च

पारू बिलोलीला गेली, माहेरी. तिकडं विहिरीला थोडं पाणी आहे. एसटीत बसताना म्हणाली, "आत्याबाईकडं जाऊन या. ज्वारी धाडली का न्हाई?" मी म्हणालो, धाडतो. ती खिडकीतून बघतच राहिली. धाडली नाही हे तिला कळलं.

तीस मार्चच्या आत धाडायची.

८ एप्रिल



जळकोटच्या बाजूच्या एका पाझर तलावाचे हजेरीपट तपासायला आले. छापील पटांमध्ये एक फुलस्केप कागद चुकून आलेला, हातानं रेघा मारलेली कच्ची हजेरी. नावं, नावांपुढं अंगठे. अंगठ्यांची शाई पलीकडं फुटलेली. सहज उलटला.

माझं अक्षर! पान ९३. 'व्हेर्नेलला पहिली नोकरी लागली तो दिवस…'

ऑफिसात मोठ्यानं ओरडलो बहुतेक. व्यंकटराव म्हणाले, "काय, विंचू चावला काय?"

पटावर सही — ग्यानोबा, हजेरी कारकून.

१४ एप्रिल

जयंती. दर वर्षी गावी असतो. आईचं कार्ड आधीच आलं, 'औंदा येऊ नको, मी बी घरी न्हाई, पाव्हन्याकडं जातेय.' कुठल्या पाहुण्याकडं? बरं, निदान पाणी असेल तिथं.

इथल्या मिरवणुकीत थोडा वेळ चाललो. मन तलावावर. परवा जातो.

१६ एप्रिल

गेलो. आणलं!! तीनशे बारातली दोनशे एकोणनव्वद पानं. समोर आहेत. झोप येणार नाही, सगळं लिहून ठेवतो.

उतरून तासभर चाललो. ऊन असं की जमीन हलतेय वाटावं. तलावाच्या खड्ड्यात शंभरेक माणसं, बायाच जास्त, डोक्यावर पाट्या. ग्यानोबा छपराखाली. काटकुळा, चष्म्याला दोरी. मी म्हणालो, कच्ची हजेरी बघायचीय. तो घाबरला, तपासणी समजला. मी पान ९३ काढून उलट बाजू दाखवली. म्हणालो, हे माझं आहे. मी लिहिलंय.

त्यानं चष्मा सरळ करून पान डोळ्यांजवळ नेलं. मग वळून खड्ड्याकडं ओरडला, "अगं ये भामाबाई! गास्प्या ज्यानं लिवला त्यो मानूस आलाय!"

गास्प्या!

जेवणाच्या सुटीत ग्यानोबा त्यांना वाचून दाखवायचा. हजेरी मांडायला पान घेतलं की आधी पुढची बाजू. पानं मागंपुढं झालेली, तरी जुळवून. पाच महिने! भामाबाई आली. साठीची, तोंडात मिसरी. कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "फुडं काय झालं त्याचं? मेला म्हंत्यात. पर मरायच्या आदी गावाकडं गेला का न्हाई?"

मी म्हणालो, नाही गेला.

"मंग तसंच लिवलं तुमी? जाऊ द्यायचा हुता की!"

सातव्या प्रकरणावरून त्यांच्यात भांडणं झाली म्हणे. निम्म्या बायका म्हणाल्या, असल्या पोराला जन्मताच नख लावावं. भामाबाई त्यातली. म्हणाली, "पर आमच्यातली येक म्हनली, त्यानं इचारलं न्हाई हे खरं. पर आईनं तरी कवा सांगितलं? पानी वाहून राहिले म्हनून तिनं कवा कळवलं? तिनंच लपवलं. पोरगा सायबाच्या कचेरीत. त्याला कामून खाली बगाया लावायचं? त्यो कामात असल. म्हनली, माफी दे म्हनावं लिवनाऱ्याला."

अगदी सरांचंच वाक्य! लिंबाखालचा माणूस अन् पाटी वाहणारी बाई, एकच बोलले. सर असते तर किती हसले असते. मी विचारलं, कोण ती? भामाबाईनं मागं बघितलं. "हितंच हुती की आत्ता."

मी आलो तेव्हा एक बाई पदर पुढं ओढून पाटी घेऊन बांधाच्या पलीकडं गेली होती. म्हटलं लाजली असेल, शहरातला माणूस बघून.

ग्यानोबानं गठ्ठा आणून दिला. म्हणाला, "पक्की नक्कल झाली की कच्चं फेकायचं असतंय. मी फेकतच हुतो. पर त्या बाईनं फेकू दिलं न्हाई. रोज मागं. म्हनायची कुनाच्या तरी जिवाचं हाय, नगा फेकू. तिनंच बांधून ठिवलंय." जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं. आपल्या सगळ्या बायांच्या लुगड्यांना येतो तो धुराचा वास.

आमचं गाव तिथून दोन कोस. जाऊन यावं म्हटलं. पण आई पाहुण्याकडं गेलेली, आणि परतीची गाडी एकच. गठ्ठा छातीशी धरून गाडीत बसलो. ज्वारीची आठवण लातूरच्या स्टँडवर झाली.

१७ एप्रिल

रविवार. दिवसभर पानं लावली. पुढची बाजूच बघत होतो. मागं काय आहे ते बघायचं सुचलंही नाही. सातवं प्रकरण सबंध आहे, एकही पान गेलेलं नाही. आता ते नव्यानं लिहीन. सरांसाठी. अन् त्या बाईसाठी.

१८ एप्रिल

पान १८८. 'माणसाला माफी नाही' हे वाक्य खोडायला घेतलं. कागद जाड लागला, शाई पलीकडून फुटलेली, म्हणून उलटला.

अंगठा. अंगठा. अंगठा. भामाबाई, अंगठा. त्याखाली एक सही. आधी ओढलेली आडवी रेघ, तिला लटकवलेली पाच अक्षरं — सरजाबाई. अक्षरं संपली तरी रेघ उरलेली.

आईची.

सगळी पानं उलटून बघितली. डिसेंबरपासून एकही खाडा नाही.